सौर वीज, जनित्र आणि घरचा वीज-फलक

पूर्वी आपल्या घराच्या वा पेढीच्या भिंतीवर मीटरशेजारी एक लाकडी फळी, तीवर चिनी मातीचे फ्यूज व एक मेन स्विच, एवढा सरंजाम पुरत असे; कारण वीज एकाच वाटेने येई. 2024 साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना जाहीर केली व 3 किलोवॅट आणि त्यावरील घरगुती सौर संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. जनित्र तर आपल्यापैकी अनेकांकडे आधीपासूनच आहे. परंतु हे सारे उगम ज्या पेटीत येऊन मिळतात तिची निवड बहुधा सर्वांत स्वस्त दरपत्रकावर सोडली जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी 3 किलोवॅटचा संच बसला तेव्हा आमचीही समजूत अशी की, आता वीज गेली तरी दिवसा पंखे फिरतील. पहिल्याच पावसाळ्यात, उघडीप पडून लख्ख ऊन असता वीज गेली आणि घर ठप्प झाले! चौकशीअंती कळले की हा दोष नव्हे. बॅटरीविना, सरकारी तारेशी जोडलेला इन्व्हर्टर ती तार निर्जीव होताच आपण होऊन बंद पडतो, व तसेच झाले पाहिजे. घरातील 230 व्होल्ट वीज उलटी बाहेर गेली, तर खांबावरील रोहित्रातून ती 11,000 व्होल्टची होऊन तारेवर चढते. आणि तार मृत समजून तिला हात घालणारा लाइनमन प्राणास मुकतो. दोन्ही टोकांस पिना असलेली वायर प्लगमध्ये खुपसून जनित्राची वीज घरात घेण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, तो याच कारणाने घोर अपराध समजावा.

यास्तव एकाऐवजी दोन फलक घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मीटरनंतरच्या मुख्य फलकात सौर वीज यावी, व वातानुकूलन, गिझर, पाण्याचा पंप ही जड कामे त्यावरच ठेवावीत. दिवे, पंखे, शीतकपाट, हिशेबाचा संगणक एवढ्यांचा दुसरा, निकडीचा फलक करावा. दोहोंच्या मध्ये चेंजओव्हर स्विच असावा. त्याच्या एका बाजूस मुख्य फलक, दुसऱ्या बाजूस जनित्र, आणि मध्ये बंद स्थिती. या मांडणीचा आणखी एक लाभ आहे. सौर वीज चेंजओव्हरच्या पलीकडे, म्हणजे निकडीच्या फलकावर जोडली, तर इन्व्हर्टर जनित्रालाच सरकारी वीज समजून सुरू होतो. घरातील खप कमी असल्यास उरलेली वीज जनित्रात घुसते आणि त्याची हानी होते.

चेंजओव्हर फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा हवा. एक-फेज घरास दोन पोलचा, तीन-फेज घरास चार पोलचा. दोन्ही फलकांच्या न्यूट्रल-पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात. घाईत वायरमन त्या एकत्र बांधतो, मग आर.सी.सी.बी. अकारण पडतो, आणि कंटाळून मालक तोच काढून टाकतो!

मापाचा हिशेब व्यापाऱ्यास कठीण नाही. 3 किलोवॅटचा प्रवाह सुमारे 13 अँपिअर. त्यात चतुर्थांश भर घालून 20 अँपिअरचा एम.सी.बी. घ्यावा. मुख्य एम.सी.बी. 40 चा असेल, तर मुख्य फलकातील तांब्याच्या पट्टीवर दोहोंचा मिळून 60 पर्यंत भार येऊ शकतो व मुख्य एम.सी.बी. पडणार नाही. म्हणून पट्टी 63 अँपिअरची मागावी. 5 के.व्ही.ए. जनित्र सुमारे 22 अँपिअर देते. पण मोटार सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढते, हे विसरू नये.

गच्चीवरून येणारी वीज एकदिश असते. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठणारी ठिणगी विझते. एकदिश प्रवाहात तशी संधीच नाही. तेव्हा त्या बाजूस साधा एम.सी.बी. कदापि चालवून घेऊ नये, त्यावर डी.सी. व्होल्टेजचा आकडा छापलेला पाहावा.

काम ताब्यात घेताना जनित्र चालवून, मुख्य फलकात वीज शिरत नाही हे टेस्टरवर न विसंबता मीटरने तपासून घ्यावे, आणि फलकाच्या दाराआत जोडणीचा नकाशा मराठीत चिकटवून घ्यावा. कारण अंधारात तो बहुधा घरातील दुसऱ्याच कोणास वाचावा लागतो.