दप्तरातील साखर

आपण भाकरी खातो, भात खातो. त्या अन्नाची पोटात साखर होते आणि ती रक्तात मिसळून शरीरभर हिंडू लागते, हे तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकला असाल. परंतु साखर रक्तात पोहोचली म्हणजे काम झाले असे नव्हे. रक्तातून ती निरनिराळ्या अवयवांच्या पेशींत शिरली पाहिजे. तेथे तिच्यापासून शक्ती निर्माण झाली पाहिजे. पेशींची दारे साखरेसाठी उघडण्याचे काम एक रस करतो. त्याचे नाव इन्शुलिन. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तीत हा रस तयार होतो.

काही मुलांच्या शरीरात मात्र विलक्षण प्रकार घडतो. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने जे सैन्य बाळगलेले असते, तेच इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मग बाजारात धान्याच्या राशी पडलेल्या, पण घरोघर चुली थंड, अशी शरीराची अवस्था होते. साखर रक्तात साचते, लघवीवाटे वाहून जाते. सारखी तहान लागते, आणि मूल खाऊनपिऊनही वाळत जाते. या रोगाला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. वडीलधाऱ्या माणसांना उतारवयात होतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा. त्याची कारणे निराळी. मुलांचा हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, आणि शेजारी बसल्याने किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने तो दुसऱ्याला लागतही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण याविषयी मोठ्या माणसांच्याही मनात भलत्याच समजुती असतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या रोगावर खरा उपाय नव्हता. मुलांना अर्धपोटी ठेवून त्यांचे आयुष्य थोडेबहुत लांबवीत, इतकेच. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो शहरी फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हा रस वेगळा काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. औषध पुरेसे शुद्ध नव्हते. म्हणावा तसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप या शास्त्रज्ञाने ते शुद्ध केले, आणि २३ जानेवारीस पुन्हा टोचल्यावर त्या मुलाच्या रक्तातील साखर उतरली. हाडांचा सापळा झालेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा आज जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तो बालदिनही आहे, हा मोठा सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

इन्शुलिनने अशा मुलांना आयुष्य दिले, परंतु त्यासोबत एक कामही दिले. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जेवढ्यास तेवढा रस आपोआप सोडते. ज्याला तो बाहेरून टोचून घ्यावा लागतो, त्याला मात्र किती खाणार, किती खेळणार, याचा हिशेब आधी करावा लागतो. मुलाच्या दिवसातील सहा-सात तास शाळेत जातात. तेव्हा हा हिशेब एकट्या घराने ठेवून भागत नाही. त्यात शाळेचाही वाटा असतो.

समजा, तुमच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. तिला आपण सुमन म्हणू. सकाळी तिने इन्शुलिन टोचून घेतले. त्या दिवशी मधली सुट्टी अर्धा तास उशिरा झाली आणि तिच्या आधीच कवायतीचा तास आला. धावण्याने साखर खर्च होते. टोचलेले इन्शुलिन तर आपले काम करीतच असते. रक्तातील साखर झपाट्याने उतरते. दर १०० मिलिलिटर रक्तात ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की धोक्याची सूचना समजावी. सुमनला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोके दुखते. कधी ती उगाच चिडते, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देते. मेंदूला साखर कमी पडू लागली, म्हणून असे होते. तो उद्धटपणा नव्हे.

अशा वेळी काय करावे? तिला जागेवरच बसवावे आणि ताबडतोब साखर द्यावी; सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून, किंवा तेवढीच ग्लुकोजची पूड. चॉकलेट वा बिस्किटे यांवर विसंबू नये. त्यांतील साखर रक्तात उतरण्यास वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी बोटातील रक्ताचा थेंब यंत्रावर पुन्हा तपासावा आणि साखर अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. ती वर आली, की पोळी किंवा बिस्किटे असे काही खायला द्यावे. यंत्र हाताशी नसले तरी साखर देण्यास थांबू नये. तिला एकटीला मात्र कार्यालयाकडे धाडू नये. जिन्यातच ती कोसळू शकते. एकाने जवळ बसावे, दुसऱ्याने बाईंना किंवा गुरुजींना बोलवावे. आणि ती बेशुद्ध झालीच, तर तोंडात काहीही घालू नये. घास श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते. तिला कुशीवर निजवून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

हे सारे काही मिनिटांत व्हावयाचे असते. त्या घटकेला ‘साखर कोठे आहे?’ असा शोध सुरू झाला, तर उपयोग काय? म्हणून योजना आधी ठरलेली आणि कागदावर उतरलेली हवी. पालकांनी डॉक्टरांकडून ती लिहून आणावी व मुख्याध्यापकांशी बसून पक्की करावी. इन्शुलिनची वेळ व मात्रा, साखर उतरल्याची व चढल्याची लक्षणे, प्रत्येक प्रसंगी करावयाची कृती, घरचे व डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक, एवढे तीत असावे. शाळांचा कारभार मी आयुष्यभर पाहिला आहे, म्हणून दोन गोष्टी सुचवितो. एकाच शिक्षकाला सर्व शिकवून ठेवू नये, दोघा-तिघांना शिकवावे. कारण गरजेच्या दिवशी नेमका तोच रजेवर असतो. आणि साखर कुलपात ठेवू नये. कपाटाची किल्ली कारकुनाजवळ आणि कारकून बँकेत, असे कोणत्या शाळेत घडत नाही? साखरेची पुडी सुमनच्या दप्तरात, वर्गात आणि क्रीडाशिक्षकांच्या खिशात असावी.

साखर चढली असता तहान लागते, वारंवार लघवीस जावे लागते. तासाच्या मध्येच उठण्याची मोकळीक अशा मुलांना असलीच पाहिजे. उलट्या होऊ लागल्या, पोट दुखू लागले, तर घरी व डॉक्टरांना तत्काळ कळवावे. वापरलेल्या सुया वर्गाच्या केराच्या टोपलीत न टाकता जाड डब्यात जमवाव्यात. इन्शुलिन उन्हात तापू देऊ नये. शीतकपाट नसेल तेथे पाण्याने भिजविलेल्या मातीच्या भांड्यात ते बरे राहते.

सुमनला खेळू न देणे, सहलीला न नेणे, हा उपाय सर्वांत सोपा. आणि माझ्या मते सर्वांत वाईट. खेळापूर्वी साखर तपासून, थोडे खाऊन ती खुशाल लंगडी खेळू शकते. वाढदिवसाचा पेढाही ती हिशेबात धरून खाऊ शकते. खावा की नाही, हे तिला ठरवू द्यावे. परीक्षेच्या दालनातही ही सोय हवी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी जवळ बाळगण्यास अनुमती दिली. सहलीला जाताना मात्र खाणे नेहमीपेक्षा अधिक न्यावे, कारण गाडी वाटेत बंद पडली तर जेवणाची वेळ टळते. आणि इन्शुलिन सामानाच्या टपावर न टाकता हातातील पिशवीत ठेवावे.

मूल वाढते, तशी इन्शुलिनची मात्रा बदलते. वर्ग बदलतो, वर्गशिक्षकही बदलतात. यासाठी जून महिन्यात शाळा उघडली, की जुना कागद काढून नवा लिहावा, आणि नव्या वर्गशिक्षकांनी तो पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यावा.