दूरस्थ कामसंवाद : कल्पना, अभ्यास आणि संमतीचा प्रश्न

परस्परांपासून दूर असलेल्या व्यक्तींनी संगणकजालाच्या द्वारे केलेला कामसंवाद म्हणजे सायबरसेक्स होय. संज्ञा नवी असली, तरी तिच्यातील मूळ व्यापार नवा नाही. आपल्या जिल्ह्यातील पैठणशी निगडित असलेल्या सातवाहन राजा हालाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’त दूती नायिकेचा निरोप नायकापर्यंत पोचविते. अनुपस्थित प्रियजनास शब्दांनी समीप आणण्याची ही रीत महाराष्ट्री प्राकृताइतकी जुनी आहे. मात्र दूती ही नायिकेच्या विश्वासातील असे. संगणकजालाविषयी असे म्हणता येत नाही. प्रस्तुत विषयाचे मर्म या भेदात आहे.

लोकप्रिय कलांनी या विषयाची कल्पना प्रथम यंत्ररूपाने केली. ‘लॉनमोअर मॅन’ (1992) व ‘डिमॉलिशन मॅन’ (1993) या चित्रपटांतील पात्रे यंत्रे लेवून स्पर्शाविना समागम करतात. वस्तुस्थिती साधी होती. फ्रान्समध्ये 1980 नंतरच्या दशकात ‘मिनिटेल’ या दूरध्वनीला जोडलेल्या यंत्रावर जो कामसंवाद फोफावला, तो केवळ टंकलिखित शब्दांचा होता.

अभ्यासकांचे लक्ष साहजिकच शब्दांकडे वळले. ‘लॅम्डामू’ या शब्दमय आभासी जगात एका सहभागी व्यक्तीने इतरांच्या पात्रांकडून त्यांच्या संमतीवाचून लैंगिक कृत्ये घडत असल्याचे दर्शविले. या घटनेवरील ज्युलियन डिबेल यांचा 1993 मधील लेख विशेष गाजला. शरीरास स्पर्श झालेला नसताही अत्याचार घडतो काय, हा त्यातील प्रश्न होय. शेरी टर्कल यांनी 1995 च्या आपल्या ग्रंथात संगणकावरील बहुविध ‘स्व’ची चर्चा केली, तर अल कूपर यांनी 1998 मध्ये सुलभता, अल्पखर्च व अनामिकता ही या आकर्षणाची तीन कारणे सांगितली.

महाराष्ट्रात मात्र चर्चा दीर्घकाळ अश्लीलतेभोवतीच फिरली. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (1927–1953) वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना उत्तरे दिली. त्यापायी झालेल्या खटल्यात 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये लेखकाच्या बाजूने दिला. दोन्ही प्रसंगी प्रश्न एकच होता : मजकूर अश्लील आहे काय?

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. त्यानंतर आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या (2000) कलम 67 ने हाच छापील ग्रंथांचा निकष पुढे चालविला. ते कलम मजकूर प्रसिद्ध करण्यास लागू आहे, तसेच तो पाठविण्यासही. संमतीचा विचार पुढे 2008 च्या दुरुस्तीतील कलम 66-ई मध्ये आला. 2013 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 354-सी घालण्यात आले. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 ने घेतली आहे. स्त्रीने चित्रणास संमती दिली, तरी त्याच्या प्रसारास दिली असे होत नाही, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

परंतु ही कलमे प्रतिमेपुरती आहेत. विश्वासाने लिहिलेले शब्द कोणी उघड केले, तर ती त्यांच्या कक्षेत येत नाहीत. उलट कलम 67 पुढे लिहिणारा व उघड करणारा हे दोघेही एकाच पंक्तीस बसण्याचा संभव राहतो. ज्या व्यवहाराचा आरंभच शब्दांनी झाला, त्यात शब्दांनाच संरक्षण नसावे, ही विसंगती होय. पुढील संशोधनाने अश्लीलतेपेक्षा विश्वासभंगाचा विचार अग्रक्रमाने करणे अगत्याचे आहे.