टेबलावरचा डोंगर कसा चढावा?

बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नसतो. घोडा अडीच घरे उडी मारतो, हत्ती सरळ धावतो, उंट तिरका जातो. पण त्यांच्यापैकी कोणालाही कधी चढ लागत नाही आणि धापही लागत नाही. चौसष्टच्या चौसष्ट घरे सारखीच सपाट! खरे रणांगण मात्र असे कधी असते का? तिथे टेकड्या असतात, ओढे असतात, तट आणि बुरूज असतात. मग लढाईचा खेळ खेळताना हा डोंगर पटावर आणायचा कसा? आणि आणलाच, तर छोट्याशा सैनिकाने तो एका खेळीत किती चढायचा?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल. पण जवळजवळ अडीचशे वर्षे गणिताचे शिक्षक, सेनाधिकारी आणि लेखक या प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्यांच्या उत्तरांत भूमिती आहे, संभाव्यता आहे आणि गुरुत्वाकर्षणही आहे. चला, आपणही तो डोंगर चढून पाहू.

रंग मिळाला, उंची नाही

आपल्या चतुरंगाचा प्रवास इराण आणि अरबस्तानातून युरोपात झाला आणि त्याचे तिथले बुद्धिबळ बनले, हे तुम्हाला ठाऊक असेल. जर्मनीतील ब्रन्सविक येथे योहान हेलविग नावाचे गणित आणि निसर्गविज्ञानाचे एक प्राध्यापक होते. बुद्धिबळ खऱ्या युद्धाच्या अधिक जवळ न्यावे, असे त्यांच्या मनात आले. १७८० साली त्यांनी दीड हजारांहून अधिक घरांचा एक प्रचंड पट प्रसिद्ध केला. त्यातील घरांना जमिनीच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळे रंग दिले होते. डोंगराचा रंग वेगळा, दलदलीचा वेगळा, पाण्याचा वेगळा.

ही मोठीच प्रगती होती. पण एक उणीव राहिली. डोंगराला रंग मिळाला, उंची मिळाली नाही. टेकडी बुटकी आहे की उंच, चढ सौम्य आहे की उभा, हे एका रंगीत चौकोनातून कसे कळणार?

पुढचे पाऊल प्रशियात पडले. लेओपोल्ड फॉन राइस्वित्झ या गृहस्थांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक टेबल नजर केले. त्यावर उंचसखल जमिनीच्या फरशा हव्या तशा मांडता येत. घरे नाहीशी झाली. अंतर मोजून सोंगट्या हलवायच्या. त्यांचा मुलगा सैन्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये हाच खेळ १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला. एका पाळीचा काळ दोन मिनिटांचा धरला आणि निकालासाठी फासे व एक पंच नेमला.

आता या आकड्यांतील गंमत पाहा. माणूस ताशी ४.८ किलोमीटर वेगाने चालला, तर दोन मिनिटांत १६० मीटर जातो. १ : ८००० प्रमाणाने नकाशावर हे अंतर होते बरोबर २ सेंटिमीटर. म्हणजे 'एका पाळीत दोन सेंटिमीटर' हा कोणाच्या मनात आलेला आकडा राहत नाही. तो वेग, काळ आणि प्रमाण यांच्या गुणाकारातून निघतो. प्रशियाच्या अधिकाऱ्यांना या खेळाद्वारे शिक्षण देण्यात येऊ लागले, ते यामुळेच. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरविल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही त्याकडे लक्ष वळविले.

हा खेळ सैन्याबाहेर लोकप्रिय करण्याचे बरेचसे श्रेय 'टाइम मशीन'चा लेखक एच. जी. वेल्स याला जाते. १९१३ साली आलेल्या त्याच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात पायदळाच्या सैनिकाला एका खेळीत एक फूट आणि घोडेस्वाराला दोन फूट चाल दिली आहे. खोलीतली जमीन हेच रणांगण! आज जगभर खेळले जाणारे छोट्या सैनिकांचे युद्धखेळ याच परंपरेतले. बुद्धिबळाच्या खेळाडूपुढे पट असतो. या खेळाडूच्या हातात मोजपट्टी असते.

पट्टी खरे बोलते का?

समजा, टेबलावर पुठ्ठ्याची एक टेकडी आहे. तिचा पाया सैनिकापासून माथ्यापर्यंत आडवा मोजला तर ४० सें.मी. आणि माथ्याची उंची ९ सें.मी. तुमचा सैनिक एका पाळीत १० सें.मी. चालतो. माथ्यावर पोचायला त्याला किती पाळ्या लागतील?

पहिला विचार असा सुचतो, की पट्टी उतारावरून धरावी. पायथागोरसच्या सिद्धांताने ४० चा वर्ग १६०० आणि ९ चा वर्ग ८१. त्यांची बेरीज १६८१, आणि तिचे वर्गमूळ ४१. म्हणजे सपाटीवर ४ पाळ्या लागल्या असत्या, तिथे ४.१ लागतील. चढाची किंमत फक्त अडीच टक्के!

मापन अगदी अचूक आहे. पण एखादा गड चढलेल्या कोणालाही विचारा, तो हसेल. हा चढ सुमारे १३ अंशांचा आहे आणि असा चढ माणसाला चांगलाच दमवतो.

इथे मदतीला येतो स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ. डोंगरातल्या वाटेला वेळ किती लागेल, याचा एक सोपा नियम त्याने १८९२ साली सांगितला: नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास धरा आणि शिवाय चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास धरा. तीन मैल म्हणजे १५,८४० फूट. म्हणजे उभ्या चढाचा एक फूट हा सपाटीवरच्या सुमारे ८ फुटांइतका 'महाग' पडतो.

हाच नियम आपल्या टेकडीला लावा. आडवे अंतर ४०, चढाचे ९ × ८ = ७२, एकूण ११२ सें.मी. म्हणजे ११ पाळ्यांहून थोडे अधिक. सपाटीच्या जवळजवळ तिप्पट!

कित्येक युद्धखेळांत एक ढोबळ नियम असतो: 'अवघड जमिनीवर चाल निम्मी.' त्याप्रमाणे आपल्या टेकडीला ८ पाळ्या लागतील. हा नियम ओबडधोबड खरा. पण पायथागोरसच्या काटेकोर ४.१ पेक्षा तोच सत्याच्या अधिक जवळ आहे. विज्ञानात हा धडा पुनःपुन्हा मिळतो. अचूक मोजणे ही एक गोष्ट आणि योग्य गोष्ट मोजणे ही दुसरी. पट्टीने मोजली लांबी. सैनिकाला मोजावी लागते ती शक्ती.

चढ एवढा महाग का?

सपाटीवर चालताना आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य दर पावलाला थोडासा वर-खाली होतो, पण शेवटी असतो त्याच पातळीवर. चढताना मात्र तो कायमचा वर उचलावा लागतो. ५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी ६०० मीटर चढला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ५० × ९.८ × ६०० = २,९४,००० जूल, म्हणजे सुमारे ७० किलोकॅलरी. पण आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा अशा कामात बदलू शकतात. उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च २८० किलोकॅलरींच्या घरात जातो. घाम येतो तो उगीच नव्हे!

मग उतरताना वेळ वाचेल का? नेस्मिथच्या नियमात उताराचा उल्लेख नाही. ती उणीव एरिक लँगम्युर या ब्रिटिश गिर्यारोहकाने भरून काढली. सौम्य उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटे वजा करा. पण उतार १२ अंशांपेक्षा तीव्र असेल, तर उलट १० मिनिटे मिळवा. उभ्या उतारावर गुडघे आणि मांड्या सतत ब्रेक लावत असतात, हे त्याचे कारण.

भिंतीवर फासे

टेकडी चालत चढता येते. पण समोर उभी भिंत असेल तर? तिथे प्रश्न केवळ वेळेचा राहत नाही. पाय निसटला तर काय, हाही प्रश्न येतो. अशा वेळी खेळ मोजपट्टी खाली ठेवून फासे उचलतो.

१९९९ साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 'मॉर्डहाइम' नावाचा खेळ काढला. उद्ध्वस्त शहराच्या पडक्या इमारतींत चालणारा हा खेळ असल्याने त्यात चढणे, उतरणे आणि उड्या मारणे यांना फार महत्त्व आहे. सैनिक सुमारे २८ मि.मी. उंचीचे. या प्रमाणात टेबलावरचा एक इंच म्हणजे खऱ्या जगातले जवळपास दीड मीटर.

साध्या माणसाची चाल ४ इंच. त्याहून उंच भिंत त्याला एका दमात चढता येत नाही. शिवाय प्रत्येकाला 'चपळाई'चा एक अंक दिलेला असतो. माणसाचा ३, उंदरासारख्या स्केवन प्राण्याचा ४, बुटक्याचा २. सहा बाजूंच्या फाशावर दान तेवढे किंवा त्याहून कमी पडले, तर चढाई जमली. चढताना दान फसले, तर सैनिक जागेवरच राहतो. उतरताना फसले, तर पडतो. हा फरक विचारपूर्वक केला आहे, कारण खाली उतरताना पाय ठेवायची खोबण नीट दिसत नाही.

खाली उडी मारायची असेल तर दर पूर्ण दोन इंचांना एकदा फासा टाकायचा. दोन इंच म्हणजे आपल्या हिशेबाने तीन मीटर, म्हणजेच एक मजला. सहा इंचांवरून उडी म्हणजे तीन दाने, आणि तिन्ही साधायला हवीत. माणसाची एका दानाची शक्यता १/२, म्हणून तिन्हींची १/२ × १/२ × १/२ = १/८. स्केवनची २/३ × २/३ × २/३ = ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्के. बुटक्याची १/३ × १/३ × १/३ = १/२७, म्हणजे ४ टक्क्यांहूनही कमी. एका मजल्याला माणूस आणि बुटका यांच्यातला फरक दीडपट होता. तीन मजल्यांना तो सव्वातीनपटींहून अधिक झाला. धोका पुनःपुन्हा पत्करला की शक्यतांचा गुणाकार होत जातो, बेरीज नव्हे.

आणि पडलाच तर? जितक्या इंचांवरून उडी, तितक्याच अंकाचा आघाताचा जोर. पदार्थविज्ञानाच्या कसोटीला हा नियम उतरतो. पडणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा उंचीच्या सम प्रमाणात वाढते. वेग मात्र उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तीन मीटरवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळताना ताशी २८ किलोमीटर वेगाने येतो. त्याचा वेग दुप्पट व्हायला उंची चौपट, म्हणजे बारा मीटर, लागते.

चांगला नियम कोणता?

सारे काही हिशेबात घेतले, की नियमपुस्तक जाड होते आणि खेळ ठप्प होतो. प्रशियातही हेच झाले. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने बहुतेक कोष्टके बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपविण्याचा मार्ग सुचविला. म्हणजे चांगला नियम हा निसर्गाची हुबेहूब नक्कल करीत नाही. निसर्गातले जे महत्त्वाचे तेवढे ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो. शास्त्रज्ञ याला 'प्रतिमान' म्हणतात. पावसाचा अंदाज, धरणातल्या पाण्याचा हिशेब, ग्रहांच्या कक्षा ही सारी अशीच प्रतिमाने.

मात्र नको ते सोडून दिले तर काय होते? समजा, शाळेची सहल गडावर निघाली आहे. नकाशावर वाट ६ किलोमीटर, चढ ६०० मीटर. केवळ लांबी पाहिली तर सव्वा तास. नेस्मिथप्रमाणे सव्वादोन तास, आणि तेही विश्रांती न घेता. सूर्यास्ताला दीडच तास उरला असेल, तर या दोन नियमांमधला फरक म्हणजे उजेडात माथा गाठणे आणि अंधारात कड्याजवळ चाचपडणे यांतला फरक. टेबलावर हिशेब चुकला तर पडलेला सैनिक उचलून पुन्हा उभा करता येतो. सह्याद्रीत तशी सोय नाही.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याचे एक सें.मी. उंचीचे पाच थर कापा आणि समोच्च रेषांप्रमाणे एकावर एक ठेवून टेकडी बनवा. दोन संघ पाडा. सैनिकांच्या जागी बटणे चालतील. पहिला डाव 'पट्टी उतारावरून' या नियमाने खेळा, दुसरा 'अवघड जमिनीवर निम्मी चाल' या नियमाने, तिसरा 'दर थराला ८ सें.मी. जादा' या नेस्मिथच्या नियमाने. माथ्यावर पोचायला किती पाळ्या लागल्या, ते तक्त्यात मांडा. मग शाळेच्या मैदानावर ५० मीटर चाला आणि वेळ नोंदवा. जिन्यानेही चढा आणि जिन्याची उंची पायऱ्या मोजून काढा. तुमच्या पायांनी दिलेला आकडा नेस्मिथच्या आठाच्या आसपास येतो का? जिना हा डोंगर नव्हे आणि नेस्मिथचा नियम तासन्‌तास चालण्यासाठी आहे. तेव्हा आकडा वेगळा आला, तर तो का आला, यावर वर्गात चर्चा करा. आणि त्याप्रमाणे आपला स्वतःचा नियम लिहा.