बटण तेच, अक्षर वेगळे



गेल्या वर्षी परदेशात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आपल्या वसतिगृहातील मुलांसाठी दोन लॅपटॉप पाठवले. जर्मनीत वापरलेले, पण चांगल्या स्थितीतले. आमगावला आल्यावर आम्ही त्यांत इंग्रजी विंडोज घालून घेतली आणि ते मुलांच्या हाती दिले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दोनच दिवस उरले होते. अकरावीतील एका मुलीने त्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. चार-पाच वेळा असे झाल्यावर तिचे खातेच बंद झाले. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, मला कॉम्प्युटर जमतच नाही."

चूक तिची नव्हती. तिच्या पासवर्डमध्ये 'वाय' हे अक्षर होते. ती 'वाय' छापलेले बटण दाबत होती आणि कॉम्प्युटर 'झेड' घेत होता. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, मग तिला कळणार कसे? दुसऱ्या दिवशी खाते सुरू झाले, अर्जही गेला. पण "मला जमतच नाही" हे तिचे शब्द मनातून जाईनात. यंत्राच्या मांडणीतला फरक मुले स्वतःची कमतरता समजतात. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

बटणाला अक्षर ठाऊक नसते

कीबोर्डवरचे बटण दाबले की कॉम्प्युटरला अक्षर जात नाही, फक्त बटणाचा क्रमांक जातो. त्या क्रमांकाला कोणते अक्षर द्यायचे, हे कॉम्प्युटरच्या आत निवडलेली मांडणी ठरवते. बटणावर छापलेले अक्षर म्हणजे दारावरची पाटी. आत राहणारा बदलला तरी पाटी जुनीच राहू शकते. आमच्या लॅपटॉपवर पाट्या जर्मन होत्या आणि आतली मांडणी इंग्रजी.

आपल्याकडच्या इंग्रजी कीबोर्डची मांडणी अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांच्या टाइपरायटरवरून आली. रेमिंग्टन कंपनीने तो १८७४ मध्ये विक्रीला आणला. पुढे अनेक देशांनी आपल्या भाषेप्रमाणे त्यात बदल केले. जर्मन भाषेत 'झेड' वारंवार लागतो आणि 'वाय' क्वचित, म्हणून तिथे या दोघांच्या जागा उलट्या आहेत. फ्रान्समध्ये 'ए' आणि 'क्यू' यांची अदलाबदल आहे, आणि वरच्या ओळीतले आकडे उमटवायला शिफ्ट दाबावे लागते. इंग्लंडच्या कीबोर्डवर तीनच्या बटणावर पौंडाची खूण असते. भारताने १५ जुलै २०१० रोजी रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले आणि पुढे ते चारच्या बटणावर आले. एकच खरी मांडणी आणि बाकीच्या चुकीच्या, असे काही नाही.

मराठीच्या तीन वाटा

आपल्या मराठीची तर एकाच तालुक्यात तीन प्रकारची मांडणी चालते.

पहिली जुन्या टाइपरायटरची. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांची बोटे याच मांडणीवर तयार झाली. यात अक्षरे दिसतात त्या क्रमाने उमटवायची. 'दिवस' लिहायचे तर आधी पहिली वेलांटी, मग द. भ, थ, ध, श अशा अक्षरांसाठी आधी अर्धे अक्षर आणि मग काना. यंत्रात बटणे मोजकीच, त्यात आपली बाराखडी आणि जोडाक्षरे बसवायची होती. त्या काळी हा उपाय योग्यच होता.

दुसरी इन्स्क्रिप्ट. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती भारतीय भाषांसाठी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. हिची शिस्त सोपी आहे. डाव्या हाताला स्वर, काना, मात्रा, वेलांट्या आणि उकार. उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ज्या बटणावर क, तिथेच शिफ्टसह ख. ज्यावर ग, तिथेच शिफ्टसह घ. आपण बोलतो त्या क्रमाने लिहायचे: आधी द, मग वेलांटी. जोडाक्षर करायचे असेल तर अक्षराचा पाय मोडायचे एक वेगळे बटण आहे. 'आमगाव' लिहायला पाच बटणे पुरतात: आ, म, ग, काना, व. आणखी एक लाभ असा की मराठीत ज्या बटणावर क, बंगालीत आणि तेलुगूतही त्याच बटणावर त्या लिपीतला क. एक मांडणी शिकलेल्या हाताला शेजारच्या राज्याची लिपीही परकी राहत नाही.

तिसरी वाट मोबाइलवाल्या मुलांची. इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि मराठी शब्द यंत्राने सुचवायचा. निरोपासाठी ही सोय उत्तम. पण इंग्रजी 'डी' मध्ये द आणि ड दोन्ही येतात, 'एन' मध्ये न आणि ण, 'एल' मध्ये ल आणि ळ. यंत्र अंदाज करते आणि घाईत तोच अंदाज कायम होतो. 'मडावी'चे 'मदावी' होते. 'उईके' एका कागदावर दीर्घ, तर दुसऱ्यावर 'उइके' ऱ्हस्व. माणसाला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी आडनावे. जातीच्या दाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे आले की प्रतिज्ञापत्र, तहसीलच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी. ज्या बापाचा एक दिवसाचा रोज बुडाला की घरची चूल अडते, त्याच्यासाठी एक वेलांटी फार महाग पडते.

फॉन्ट गेला, नाव गेले

याहून एक जुने दुखणे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या आत तो इंग्रजी अक्षरांचाच असतो. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठी चेहरा देतो. कृतिदेवमध्ये लिहिलेले 'आमगाव' त्या फॉन्टशिवाय उघडले, तर पडद्यावर 'व्ही के ई एक्स के ओ' अशी इंग्रजी अक्षरे उभी राहतात.

आमच्या वसतिगृहाच्या जुन्या प्रवेश याद्या अशाच फॉन्टमध्ये होत्या. एका माजी विद्यार्थ्याला जात पडताळणीसाठी जुनी नोंद हवी होती. नव्या कॉम्प्युटरवर यादी उघडली तर निरर्थक अक्षरांची रांग. नाव टाकून शोधावे तर तेही सापडेना. शेवटी छापील रजिस्टर कपाटातून काढले, तेव्हा काम झाले. त्यानंतर आम्ही सर्व याद्या युनिकोडमध्ये करून घेतल्या. युनिकोडमध्ये जगातल्या बहुतेक प्रचलित लिपींच्या अक्षरांना स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. त्यामुळे आमगावात लिहिलेले मुंबईत किंवा जर्मनीतही तसेच वाचता येते, आणि नाव टाकले की सापडते.

गोंडीची जागा

आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडी भाषेसाठी लिपी तयार केली. तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाळा गावी गोंडीच्या आणखी एका लिपीतली हस्तलिखिते मिळाली. मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दोन्हींचे फॉन्ट आता विनामूल्य मिळतात.

पण बाजारात विकत मिळणाऱ्या कीबोर्डवर ही अक्षरे छापलेली नसतात. सातबाऱ्यावर नाव लागले, घर बांधायचे अजून बाकी आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. आज आपल्या भागात गोंडी बहुधा देवनागरीत लिहिली जाते. तेही चालेल, युनिकोडमध्ये लिहिलेली आजीची गोष्ट उद्या हरवणार नाही.

आपण काय करू शकतो

लॅपटॉप दान देताना तो कोणत्या देशात वापरलेला आहे ते कळवावे. घेणाऱ्यांनी आतली मांडणी पाट्यांशी जुळते का, ते आधी पाहावे. बटणांवर चिकटवायची मराठी अक्षरे स्वस्तात मिळतात.

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत. विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येते. रोज अर्धा तास सराव केला तर हळूहळू बटणांकडे पाहावे लागत नाही.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. म्हणून टायपिंगच्या वर्गाला नाव घालण्यापूर्वी परीक्षेत कोणती मांडणी आहे, हे मुलांनी आधी विचारून घ्यावे. एकीवर तयार झालेली बोटे दुसरीवर अडखळतात.

आणि मंडळीच्या, संस्थेच्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या उघडणारा कॉम्प्युटर चालू आहे तोवर युनिकोडमध्ये करून घ्याव्यात.

त्या मुलीने नंतर दोन्ही लॅपटॉपवर स्वतः मराठी अक्षरे चिकटवली. आता नवीन मूल आले आणि अक्षर चुकले की ती आधी विचारते, "मांडणी कोणती लावली आहे, ते पाहिलंस का?"