तारखांची वही सांभाळणारे

वकिलाचा कारकून न्यायालयाच्या कागदपत्रांत फारसा सापडत नाही. सापडतो तो बहुतेक विलंबमाफीच्या अर्जात. कारकुनाकडून फाइल भलत्याच गठ्ठ्यात गेली, सबब अपिलाला उशीर झाला, अशा धर्तीचं प्रतिज्ञापत्र कुठल्याही जिल्हा न्यायालयाला नवं नाही. दावा जिंकला की नाव वकिलाचं, मुदत हुकली की कारकुनाचं. वकिलाचं ऑफिस प्रत्यक्षात चालवणाऱ्या या माणसांची देशपातळीवर संघटना झाली, तर तिच्या अध्यक्षाने सगळ्यात आधी काय मागावं? हा प्रश्न मुंबई-दिल्लीपेक्षा बडोद्यातून जास्त नीट दिसतो.

सयाजीराव गायकवाडांनी १८८१ साली बडोदा संस्थानचा कारभार हाती घेतला, तेव्हा दिवाण टी. माधवरावांनी कचेऱ्यांची घडी बसवून ठेवली होती. पुढे संस्थानचे स्वतःचे कायदे झाले, वरिष्ठ कोर्ट होतं आणि त्याच्याही वर हुजूर न्यायसभा. सूरसागरजवळचं न्यायमंदिर १८९६ सालचं, वास्तुकार रॉबर्ट चिझम. गुजराती, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले कागद हाताळणाऱ्यांचं हे राज्य. १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. राजाने कारकुनाच्या टेबलावर ठेवायला एवढा जाडजूड ग्रंथ करून घ्यावा, हे दुसरीकडे क्वचितच घडलं असेल.

मग १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि बडोद्याची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाकडे जाऊ लागली. अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं, तशी तीच अपिलं अहमदाबादकडे वळली. दांडिया बाजारातल्या एखाद्या वकिलाकडे ज्याने १९४५ साली नोकरी धरली असेल, त्याला पंधरा वर्षांत तीन वरिष्ठ न्यायालयांच्या तऱ्हा शिकाव्या लागल्या. कायदा बदलला की वकिलाला नवं पुस्तक मिळतं. दाखल करण्याच्या खिडकीवरची रीत मात्र कोणी छापत नाही. कुठल्या कागदाला किती मार्जिन, कुठलं तिकीट कुठे, कुठल्या टेबलावर दुपारी दोननंतर जाण्यात अर्थ नाही, हे सगळं विचारत, बोलणी खात शिकायचं. २०१८ साली बडोद्याचं जिल्हा न्यायालय न्यायमंदिरातून दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं, तेव्हा ही उजळणी पुन्हा एकदा झाली.

या कामातलं कसब किती बारीक आहे, ते नकलेवरून समजतं. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेला काळ १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार वगळला जातो. पण नक्कल तयार होऊन पडून राहिली आणि आणायला कोणी गेलंच नाही, तर त्या दिवसांची सूट मिळत नाही. म्हणून मुरलेला कारकून नक्कल हाती आली की निकाल वाचत बसत नाही. आधी तिच्यावरचा शेरा पाहतो: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. या तीन तारखांवरून तो अपिलाचा शेवटचा दिवस काढतो आणि वहीत त्याच्या दोन-चार दिवस आधीच खूण करतो. व्यापारी दाव्यांत तर चुकीला क्षमाच नाही. समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत कैफियत दाखल झाली नाही, तर ती देण्याचा हक्कच जातो. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने ही गाठ पक्की मारली. औषधं, रसायनं, यंत्रसामग्री बनवणाऱ्या बडोद्यासारख्या शहरात एका वहीवर किती पैसा टांगलेला असतो, याचा अंदाज पक्षकारालाही नसतो.

देशाबाहेर पाहिलं, तर लंडनच्या सॉलिसिटरांकडच्या मॅनेजिंग क्लार्कांनी १८९२ सालीच आपली संघटना काढली. १९६३ साली तिच्या जागी परीक्षा घेणारी संस्था आली, २०१२ मध्ये ती राजसनद मिळालेली संस्था झाली आणि आज तिचे सभासद काही न्यायाधीशपदांपर्यंतही पोचू शकतात. मालकाची मेहरबानी मागण्यापेक्षा त्यांनी परीक्षा मागितली, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेत १९७१ साली निघालेली ‘असोसिएशन ऑफ लीगल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ वेगळ्या वळणाची. बिलं, पगार, नोकरभरती, संगणक, जागेचं भाडं पाहणाऱ्या व्यवस्थापकांची ही संघटना. तीही स्वतःची परीक्षा घेते.

मुंबईत १८९४ साली ‘बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी’ झाली, पण ती सॉलिसिटरांची. म्हणजे लंडनच्या कारकुनांनंतर दोनच वर्षांनी मुंबईचे मालक संघटित झाले. मुंबईच्या मॅनेजिंग क्लार्कच्या हातून कित्येक सॉलिसिटर घडले असतील, पण त्याच्या स्वतःच्या ज्ञानाला कागद मिळाला नाही. पुढे कायद्यानेच कुंपण घातलं. वकील नसलेल्याबरोबर भागीदारी किंवा फीची वाटणी करायची नाही, हा बार कौन्सिलचा नियम. शिवाय १९५६ च्या कंपनी कायद्यामुळे भागीदारीत विसाच्या वर माणसं घेता येत नव्हती. एवढ्याशा पेढीला व्यवस्थापक कशाला? मुलगा, पुतण्या आणि जुना विश्वासू कारकून एवढ्यावर भागत असे. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने ती मर्यादा सुटली आणि मोठ्या लॉ फर्ममध्ये एमबीए झालेले व्यवस्थापक दिसू लागले.

आज लॉ फर्म्सची राष्ट्रीय संघटना आहे, ती फर्म्सची. कारकुनांच्या संघटना राज्याराज्यांत आहेत. त्यांच्यासाठी आंध्र प्रदेशाने १९९२ मध्ये, तमिळनाडूने १९९९ मध्ये आणि केरळने २००३ मध्ये कल्याण निधीचे कायदे केले. म्हातारपणी चार पैसे हाती येणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्याला पेन्शन आहे त्याने तिला नावं ठेवू नयेत. पण निधी माणसाला आधार देतो, कामाला दर्जा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने निदान एक पाऊल टाकलं आहे. तिथे प्रकरणं दाखल करणाऱ्या अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डला सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस आणि महिन्याभरात नोंदणीकृत कारकून नेमण्याची हमी द्यावी लागते. कारकुनाशिवाय वकिली चालत नाही, ही याहून सरळ कबुली कुठली असणार?

ई-फाइलिंग आल्यावर कारकून संपेल असं भाकीत केलं जातं. मला ते पटत नाही. खटल्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मोबाइलवर टाकला की पुढची तारीख पक्षकारालाही दिसते, हे खरं. पण त्या तारखेला साक्षीदार हजर ठेवणं, बेलीफाबरोबर पत्ता दाखवायला जाणं, परत आलेल्या समन्सवरचा शेरा वाचणं या गोष्टी क्रमांक करत नाही.

राष्ट्रीय संघटना निघालीच, तर ती काचेच्या ऑफिसांतल्या व्यवस्थापकांकडून निघेल, हे उघड आहे. इंग्रजी, ओळखी आणि सभेच्या हॉलचं भाडं त्यांच्याकडे आहे. तिच्या अध्यक्षाची कसोटी पहिल्याच परीक्षेत लागेल. ती इंग्रजीत घेतली, तर अहमदाबादच्या उच्च न्यायालयातलं इंग्रजी कामकाज जाणणारे उत्तीर्ण होतील. पण बडोद्यात गुजराती दावा तपासून त्यातली चुकलेली कोर्ट फी नजरेने पकडणारा तीस वर्षांच्या अनुभवाचा कारकून अर्जच भरणार नाही. पहिली प्रश्नपत्रिका गुजराती, मराठी, तमिळ, बंगालीत निघावी आणि तिच्यात नकलेवरच्या तीन तारखा देऊन अपिलाचा शेवटचा दिवस काढायला सांगावं. काही भागीदारांनाही ती सोडवायला द्यायला हरकत नाही.