दार उघडणाऱ्याचे धाडस

चांदणी चौकातून पश्चिमेस निघालेला रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकीत मुळशी तालुक्याच्या मुख्य ठाण्यास, म्हणजे पौडास, येऊन पोहोचतो. पौडाजवळच्या खुबवली गावी, टेकडीच्या माथ्यावर, १९९७ सालापासून एक विद्यालय उभे असून दरवर्षी तेथे जगाच्या नाना देशांतून सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली, आईबापांवाचून, कित्येक तर जन्मात पहिल्यानेच आपल्या देशाची सीमा ओलांडून, दोन वर्षांच्या मुक्कामासाठी दाखल होतात. महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज हे त्याचे नाव. कुर्ट हान या जर्मन शिक्षणवेत्त्याच्या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये जे पहिले कॉलेज निघाले, त्याच परिवारातले हे एक. ज्या वयाच्या मुलाला एस्टीने एकट्याने कोल्हापुरास धाडताना आपल्या घरची मंडळी डबा घेतलास का म्हणून तीनतीनदा विचारतात, त्या वयाचे मूल समुद्रापलीकडच्या कोणा अपरिचितांच्या हवाली करणारे पालक जगात आहेत, ही गोष्ट मला त्या मुलांच्या धाडसापेक्षाही अधिक विस्मयकारक वाटते.

एकट्याच्या परदेश-प्रवासाची वर्णने वाचताना आपले सारे कौतुक प्रवाशाच्या वाट्यास जाते. प्रवासी मात्र निघताना मनाची तयारी करून निघतो. पंचांग पाहतो, पैसे मोजतो, नकाशे जमवतो. ज्याच्या दारावर तो अवेळी थाप मारतो त्याला असली कसलीही पूर्वसूचना नसते, आणि तरीही कडी काढावयाची की नाही याचा निर्णय त्याला निमिषार्धात करावा लागतो. सरकारच्या ध्यानी ही गोष्ट बरोबर आलेली आहे. परदेशी नागरिक आपल्या छपराखाली उतरला, तर चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास वर्दी देण्याची जबाबदारी आपल्या कायद्याने यजमानावर टाकलेली आहे. मुळशीच्या जलाशयाकाठी ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, त्यांनाही या दप्तराची जोखीम चुकलेली नाही.

या दृष्टीने आनंदीबाई जोशी यांची सुपरिचित कथा पुन्हा एकदा वाचून पाहावी. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणाबाबत एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या एका धार्मिक नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीने ते, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना, सहज हाती लागले म्हणून वाचले. आणि जिचे मुख कधी पाहिले नाही, जिची भाषा, ज्ञाती, आचार यांतले काहीही ठाऊक नाही, अशा हिंदू मुलीस तिने पत्र घातले. पुढे काही वर्षे पत्रे जात-येत राहिली, आणि आनंदीबाई या बाईस ‘मावशी’ म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीवर चढल्या, तेव्हा सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या खऱ्या, परंतु घरचे म्हणावे असे कोणीही नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या त्या थेट मावशींच्या घरी गेल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत सांगून निघालेली ही मुलगी. तिच्या आचारविचारांसह तिला घरात सामावून घेताना आप्तेष्टांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कार्पेंटरबाईंनी काय सांगितले असेल, याचा विचार आपल्याकडील चरित्रवाचक सहसा करीत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे देहावसान झाल्यावर त्यांच्या अस्थी याच बाईंकडे पाठविण्यात आल्या आणि तिने त्या न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

तथापि आनंदीबाईंची वाट पाहणारे एक घर निश्चित होते. धर्मानंद कोसंबी यांना तेही नव्हते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धाचे चरित्र वाचले, आणि त्या वाचनाने मनास जो ध्यास लागला तो पुरा करण्यासाठी १८९९ साली पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडले. या मागे ठेवण्याची किंमत कोणी मोजली, हे निराळे सांगावयास नकोच. एकाच्या मुक्त संचाराचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या नावे टाकलेला असतो. पुण्यात डॉ. भांडारकरांचा आधार मिळाला. काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन झाले. नेपाळात बौद्धधर्माची तत्कालीन अवस्था पाहून त्यांची निराशा झाली, आणि पाली शिकावयाची तर सिंहलद्वीप गाठले पाहिजे असे कळल्यावर ते १९०२ साली तिकडे जाऊन पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांनी या परक्या ब्राह्मण तरुणास ठेवून घेतले, शिकविले आणि श्रामणेर केले. तेथील आहार मानवेना म्हणून मद्रास, तेथून ब्रह्मदेश. तेथे भिक्षुदीक्षा आणि अरण्यातील ध्यान.

या साऱ्या भ्रमंतीत खिशात पैसा जवळजवळ नाही. हे निभावले कसे? मनुष्यस्वभाव मुळात गोड आहे म्हणून, असे उत्तर देण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. काशीचे अन्नछत्र हे कोणा दात्याने लावून दिलेल्या उत्पन्नावर चालत असते. सिंहल आणि ब्रह्मी विहारांना आसपासच्या गावांतून नित्य भिक्षा पोहोचते. आणि काषाय वस्त्र अंगावर आले की, कोण, कोठला, कशासाठी, हे प्रश्न निम्म्याने कमी होतात. अनोळखी माणसाच्या दयाळूपणामागे अशी शतकानुशतकांची तजवीज उभी असते, आणि एकटा प्रवासी ज्याला आपले दैव म्हणतो ते बहुधा कोणाच्या तरी इनामाचे उत्पन्न असते. एवढे मात्र खरे की, त्या काळी सरहद्दीवरील अडसर आजच्याएवढे नव्हते. हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्टाची सक्ती आणणारा कायदा १९२० चा, आणि कोसंबींच्या वेळी ओळखीची चिठ्ठी हाच पुष्कळांचा परवाना असे. कोसंबींच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील रूक्ष, अलंकाररहित गद्य मला म्हणूनच विश्वसनीय वाटते. ज्याने जेऊ घातले त्याचे नाव नोंदवून पुढे जावे, आपल्या धैर्याचे पोवाडे गाऊ नयेत, अशी त्याची एकंदर रीत आहे. हाच फकीर पुढे १९१० साली हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी सन्मानाने बोलावला गेला.

पैशावाचून प्रवास हे तत्त्व म्हणून मांडले ते विनोबांनी. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत जाण्यास निघाले, तेव्हा आशीर्वाद मागावयास आलेल्या त्या दोघांना, पेण तालुक्यातील गागोद्याच्या या ऋषीने शाकाहार पाळा आणि जवळ पैसा बाळगू नका, असा सल्ला दिला. दिसावयास वेडेपणाच; परंतु त्यातील हिशेब पक्का आहे. पैसे असते तर थकलेला मनुष्य संध्याकाळी खाणावळ शोधून दार लावून निजला असता. नसल्यामुळे त्याला रोज कोणाच्या तरी घरी जाऊन, आपण कोण आणि कशासाठी निघालो, हे सांगणे भाग पडले. शाकाहाराचेही तेच, हे अन्न का नको, एवढ्या एका प्रश्नातून रात्रीचे संभाषण सुरू होई.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ साली वेदांगी कुलकर्णी या पुण्याच्या विशीतील मुलीने सायकलवरून, बहुतांशी एकटीनेच, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिला वाटेत स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले. तरी ती पुढे गेली. परक्यांवर विश्वास टाका, असा उपदेश करणाऱ्यांनी ही घटना गाळू नये, आणि मुलींनी एकटे फिरूच नये म्हणणाऱ्यांनी तिचा पुढचा भाग गाळू नये. विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. दिवसाउजेडी गाव गाठणे, पहिली ओळख कुटुंबवत्सल घरात करणे, नकार आल्यास रागावून न बसणे, एवढे व्यवहारज्ञान गाठीशी असावेच लागते.

जाता जाता मुळशीची एक जुनी हकीकत. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरास गेले, पॅरिसमध्ये परकीय क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या घेऊन १९०८ साली परतले, आणि पुढची चार वर्षे लोकांच्या आसऱ्याने अज्ञातवासात राहिले. आसरा म्हणजे काय हे जाणणारा हा मनुष्य १९२१ साली मुळशी पेट्यात आला. टाटांच्या वीजधरणाखाली पन्नासच्या आसपास गावांची जमीन जावयाची होती. तेथल्या मावळ्यांनी या परगावच्या ब्राह्मणाला आपला म्हटले, आणि त्यांच्यासाठी तो पुन:पुन्हा तुरुंगात गेला. सत्याग्रह चिरडला गेला, धरण झाले, आणि ज्यांच्या ओसरीवर वाटसरू टेकत असे, त्यांतील कित्येकांना स्वत:च दुसऱ्यांच्या गावी बिऱ्हाड शोधावे लागले. आज त्याच जलाशयाकाठी कुंपणे घातलेले बंगले आणि विश्रामस्थाने दाटीने उभी आहेत. खोली उत्तम मिळते, मात्र आगाऊ आरक्षण लागते, आणि ताम्हिणीच्या पावसात भिजत आलेल्या पायी प्रवाशाला कपभर चहासाठी अजूनही वाडीवरच्या एखाद्या धनगराचेच घर शोधावे लागते.