जुन्या रेडिओचा आवाज गोड का लागतो?

‘व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाजच वेगळा’ असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक मराठी घरात सापडतं, मग ते घर सांगलीत असो नाहीतर न्यू जर्सीत. आजोबांचा मर्फी किंवा फिलिप्स विमानातून जपून इकडे आणणारेही आहेत. हे नुसतं स्मरणरंजन आहे, की त्यात काही भौतिकशास्त्रही आहे? भौतिकशास्त्र नक्की आहे. फक्त श्रेय बहुतेक वेळा चुकीच्या भागाला दिलं जातं.

आधी खोक्याकडे बघू. १९५०च्या दशकातल्या टेबलावरच्या चांगल्या सेटमध्ये सात-आठ इंचांचा कागदी शंकूचा स्पीकर असायचा, आणि तो लाकडी, मागून उघड्या पेटीत बसवलेला असायचा. नोव्हेंबर १९५४मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, रीजन्सी टीआर-१, याचा स्पीकर होता पावणेतीन इंचांचा. आठ इंची स्पीकरच्या शंकूचं क्षेत्रफळ त्याच्या आठपटींहून जास्त भरतं. खालचे स्वर ऐकू यायला हवा बरीच हलवावी लागते, आणि ते काम खिशातल्या डबीला जमत नाही. म्हणजे आपण ज्याला ‘व्हॉल्व्हचा आवाज’ म्हणतो त्यातला मोठा वाटा सुताराचा आहे. तोच स्पीकर आणि तीच पेटी आजच्या एखाद्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, बराचसा गोडवा परत येतो.

सगळा नाही, हेही खरं. घरगुती सेटमध्ये सहसा शेवटचा एकच व्हॉल्व्ह स्पीकर हलवतो, आणि तो आवाज थोडा वाकडा करतो. सा वाजला तर त्यात तार सप्तकातला सा किंचित मिसळतो, आणि त्याहून कमी प्रमाणात तिथला पंचमही. गाणं शिकलेल्यांच्या लक्षात आलं असेल, की हे तर तंबोऱ्याच्या तारेतही असतं. त्यामुळे ही विकृती कानाला विकृती वाटतच नाही, आवाज ‘भरलेला’ वाटतो. याउलट १९६०-७०च्या पॉकेट ट्रान्झिस्टरमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करायचे. एकाने काम सोडून दुसऱ्याने ते उचलायच्या क्षणी लाटेला खाच पडायची, आणि ही खाच हळू आवाजात जास्त खटकायची. आपण जुन्या व्हॉल्व्हची मनातल्या मनात तुलना करतो ती बहुतेकदा या ट्रान्झिस्टरशी, आजच्या रेडिओशी नाही. तुलनाच जरा अन्यायाची आहे.

कारण मोजमापावर उतरलं तर आजचा रेडिओ जवळपास सगळीकडे जिंकतो. स्टेशन सरकत नाही, शेजारचं केंद्र मध्ये घुसत नाही, विजेचा खर्च नगण्य. गंमत अशी की आतली मूळ कल्पना शंभर वर्षांपूर्वीचीच आहे. पहिलं महायुद्ध संपता संपता एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइनची युक्ती काढली. समजा आपल्याला पुणे केंद्र लावायचंय, ७९२ किलोहर्ट्झ. रेडिओ स्वतःच आतल्या आत १२४७ किलोहर्ट्झची लहर तयार करतो आणि दोन्ही मिसळतो. वजाबाकी येते ४५५. मुंबई ब लावलं, ५५८, की आतली लहर होते १०१३, वजाबाकी पुन्हा ४५५. बाहेर कुठलंही केंद्र असो, आतल्या यंत्रणेला एकाच आकड्यावर काम करायचं असतं, म्हणून ते ती नीट करू शकते. आजची चिप वेगळा आकडा घेते आणि पुढचं काम गणिताने करते, पण वजाबाकी तीच.

मग जुन्या सेटमध्ये खरोखर वेगळं काय उरतं? माझ्या मते, तो वाचता येतो. अमेरिकेत ट्यूबवाले लोक ज्याला ‘ऑल अमेरिकन फाइव्ह’ म्हणतात तो पाच ट्यूबचा स्वस्त सेट घ्या. तो इथे अक्षरशः घरोघरी होता. त्यातल्या ट्यूबची नावं १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ आणि ३५झेड५. नावाच्या सुरुवातीचा आकडा म्हणजे त्या ट्यूबच्या फिलॅमेंटला लागणारे व्होल्ट. बेरीज करा: १२१. अमेरिकेतल्या घरातल्या विजेच्या दाबाच्या अगदी जवळ! म्हणून पाचही फिलॅमेंट एकामागे एक ओवून थेट भिंतीतल्या विजेला जोडले, ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचला. एक ट्यूब जळली की सगळ्या विझतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या. कुठली गेली ते मीटर लावून दहा मिनिटांत सापडतं. आजच्या रेडिओतली चिप गेली तर रेडिओच गेला. गल्लीतला रेडिओवाला जो नाहीसा झाला त्यामागे हेही एक कारण आहे.

मात्र वाचलेल्या ट्रान्सफॉर्मरची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अशा सेटची आतली लोखंडी चौकट विजेच्या एका तारेला थेट किंवा जवळपास थेट जोडलेली असते. बटणाची टोपी निघाली असेल आणि उघड्या दांडीला हात लागला तर जोरदार शॉक बसू शकतो. जुनी सुंदर वस्तू म्हणून मुलांच्या खोलीत नुसता ठेवून देण्यासारखा हा प्रकार नाही.

भारतातून आणलेल्या सेटचं थोडं वेगळं. तो २३० व्होल्टचा, म्हणजे अमेरिकेत दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागणार. ब्रिटनमध्ये आणि आखातात बहुतेक ठिकाणी तो प्रश्न येत नाही. पण देश कुठलाही असो, वीस-तीस वर्षं बंद असलेला रेडिओ ‘चालतो का बघू’ म्हणून थेट प्लगमध्ये घालू नका. मेणकागदाचे जुने कंडेन्सर तोवर गळके झालेले असतात, आणि त्यांच्यापायी न मिळणारा आउटपुट व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी कंडेन्सर बदलून घ्यावेत, मग सिरीजमध्ये बल्ब लावून सेट सुरू करावा. बल्ब झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आपले जुने वायरमन हेच करायचे.

एका बाबतीत मात्र हा म्हातारा आजच्या रेडिओपेक्षा सहज प्रवास करतो. भारतात मध्यम लहरींवरची केंद्रं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत १०-१०च्या. अमेरिकेतला आकडेवाला रेडिओ पुण्याला नेलात आणि त्याला पायरी बदलायची सोय नसली, तर तो ७९० वर थांबेल नाहीतर ८०० वर. काट्याच्या रेडिओला या पायऱ्या ठाऊकच नाहीत. काटा कुठेही थांबतो.

अडचण आहे ती काटा थांबवायचा कुठे, याची. डॉइचलांडफुंकने २०१५च्या अखेरीस जर्मनीतलं मध्यम लहरींचं प्रसारण थांबवलं. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह जानेवारी २०२०मध्ये संपली. फोर्डने २०२३मध्ये नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं, ओरड झाल्यावर मागे घेतलं. जिथे केंद्रं आहेत तिथेही फोनचे चार्जर आणि एलईडी दिव्यांची खरखर त्यांना गिळते. पन्नास वर्षांपूर्वी घरात असला गोंगाट करणारं फारसं काही नव्हतं. दुरुस्त केलेल्या सेटवर नुसतीच खरखर येणं हा आता इथल्या हौशी लोकांचा नेहमीचा अनुभव.

त्यावर अमेरिकेत एक उपाय कायद्यात बसतो. एएम पट्ट्यात १०० मिलिवॅटपर्यंतचा छोटा ट्रान्समीटर विनापरवाना चालवता येतो. अट अशी की एरियल, तिच्यापर्यंतची वायर आणि अर्थिंगची वायर मिळून लांबी ३ मीटरच्या वर जाता कामा नये. इतर देशांत नियम वेगळे आहेत, ते आधी बघावेत. असा ट्रान्समीटर फोनला जोडून, डायलवरची रिकामी जागा शोधून, आमचाच एक भाग व्हॉल्व्हच्या सेटवर ऐकून पाहिला. बोलणं छान येतं, समोर बसून बोलल्यासारखं. शीर्षकसंगीतातल्या झांजा मात्र बोथट होतात, कारण चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं या सेटमधून फारसं बाहेरच येत नाही.